पहिला कागद कुणाच्या हातचा

कोठडीतल्या दोन मृत्यूंनी परभणीचे नाव महाराष्ट्रभर नेले. पहिला जानेवारी २००३ मधला, दुसरा डिसेंबर २०२४ मधला. पहिल्यात देह सापडलाच नाही. दुसऱ्यात देह होता, सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात त्याचे शवविच्छेदन झाले आणि डॉक्टरांनी मृत्यूचे प्राथमिक कारणही लिहून दिले. पुराव्याच्या दृष्टीने पाहिले तर ही दोन टोके आहेत. तरीही दोन्ही आयांच्या वाट्याला उच्च न्यायालयाची पायरी आलीच. हा संग्रह जुळवताना आम्ही ही दोन प्रकरणे सतत शेजारी शेजारी ठेवली. एकातून कळते की पुरावा नाहीसा कसा होतो. दुसऱ्यातून कळते की पुरावा हातात असूनही पुढे काहीच कसे हलत नाही.

ख्वाजा युनुस हा परभणीचा २७ वर्षांचा अभियंता, दुबईत नोकरीला असलेला. घाटकोपरला २ डिसेंबर २००२ रोजी बसमध्ये बॉम्बस्फोट झाला, त्या तपासात त्याच महिन्याच्या अखेरीस त्याला उचलले आणि ‘पोटा’ हा दहशतवादविरोधी कायदा लावला. ६ जानेवारी २००३ नंतर तो कुणालाही दिसला नाही. पोलिसांचे म्हणणे असे की त्याला औरंगाबादकडे नेत असताना पारनेरजवळ जीपला अपघात झाला आणि त्या गडबडीत आरोपी पसार झाला. पारनेर ठाण्यात तशी रीतसर फिर्यादही नोंदली गेली. त्याच्याबरोबर कोठडीत असलेल्या एका सहआरोपीने मात्र कोर्टात सांगितले की युनुसला कपडे उतरवून पट्ट्याने मारताना आणि नंतर रक्ताची उलटी करताना आपण पाहिले. सीआयडीच्या तपासात अपघाताची हकिकत रचलेली निघाली. चौदा पोलिसांची नावे पुढे आली. राज्य सरकारने खटल्याला मंजुरी दिली ती चौघांपुरती. ज्या स्फोटासाठी युनुसला धरले होते त्या खटल्यातले आरोपी २००५ मध्ये निर्दोष सुटले. २०१२ मध्ये उच्च न्यायालयाने आईला भरपाई देवविली. २०२० मध्ये ते चौघे पोलीस पुन्हा सेवेत आले. घटनेला वीस वर्षे उलटली तरी खटला निकालापर्यंत पोहोचला नव्हता.

या हकिकतीत सगळ्यात बोलका कागद म्हणजे पारनेरची ती फिर्याद. इतर कुठल्याही संशयास्पद मृत्यूत पोलीस बाहेरून येतात. ते जागा पाहतात, पंच बोलावतात, पंचनामा करतात, जबाब घेतात. घटना एकाची आणि लेखणी दुसऱ्याची, एवढे अंतर तिथे आपोआप पडते. कोठडीत ते अंतरच नसते. जागा पोलिसांची, किल्ली पोलिसांची, त्या रात्री हजर असलेले बहुतेक सगळे पोलीस, आणि घडले ते कागदावर उतरवणारेही पोलीस. अकस्मात मृत्यूची नोंद तेच करतात, वरिष्ठांना कळवतात तेच, घरी निरोप धाडतात तेच. पुढचा तपास सीआयडीकडे जावो की सीबीआयकडे, तो उभा राहतो या पहिल्या काही तासांतल्या कागदांवर. म्हणून या संग्रहात आम्ही क्रौर्याच्या वर्णनांना कमी आणि कागदांना जास्त जागा दिली आहे. मारहाण झाली का, हा प्रश्न सगळेच विचारतात. पहिला कागद कुणी लिहिला, किती वाजता लिहिला आणि तो खोटा ठरला तेव्हा लिहिणाऱ्याचे काय झाले, हे प्रश्न फारच थोडे लोक विचारतात.

हा अविश्वास आजचा नाही. मद्रास इलाख्यात महसूल आणि पोलीस खात्यातल्या छळाची चौकशी करणाऱ्या आयोगाने १८५५ मध्ये अहवाल दिला, तेव्हा कंपनी सरकारलाही मान्य करावे लागले की कबुलीजबाब मारून काढले जातात. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यात पोलिसासमोर दिलेला कबुलीजबाब पुरावा म्हणून चालणार नाही, असे कलम २५ आले. राज्य करणाऱ्या परक्या सत्तेने आपल्याच पोलिसाच्या शब्दावर कायद्यातून अविश्वास दाखवला आणि दीडशे वर्षांनी भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम २३ मध्ये आपण तो तसाच ठेवला. पण कलम २७ ची फट तेव्हाही होती आणि आजही आहे: आरोपीच्या सांगण्यावरून वस्तू सापडली तर तेवढा भाग ग्राह्य. चोरीचा माल, हत्यार, पुरलेले दागिने यांच्यासाठी मार बसतो तो या फटीतून. ‘रिकव्हरी’ झाली की केस उभी राहते, हे प्रत्येक तपासी अंमलदाराला ठाऊक असते. कोठडीत मरणाऱ्यांत किरकोळ चोरीच्या संशयितांची गर्दी का दिसते, याचे एक कारण इथे आहे.

कागद कसा लिहिला जातो याचा नमुना मध्य प्रदेशातल्या रामपुरा ठाण्यात सापडतो. ऑक्टोबर १९८१ मध्ये नाथू बंजारा या माणसाला चौकशीसाठी ठाण्यात आणले आणि मारहाणीत तो मेला. ठाण्याच्या दैनंदिनीत नोंद झाली ती मात्र त्याला जातमुचलक्यावर सोडून दिल्याची. पुढे तोच देह अनोळखी, बेवारस म्हणून दाखवला गेला. ज्याला नाव विचारून, सही घेऊन सोडल्याचे लिहिले, तोच माणूस काही तासांनी त्याच पोलिसांच्या दफ्तरी अनोळखी झाला. खालच्या न्यायालयाने आणि उच्च न्यायालयाने आरोपींना मृत्यूच्या मुख्य आरोपातून सोडले. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवला आणि एक गोष्ट स्पष्टपणे मांडली: कोठडीतल्या छळाला प्रत्यक्षदर्शी साक्षीदार क्वचितच मिळतो, खात्यातला माणूस खात्यातल्या माणसाविरुद्ध बोलत नाही, आणि हे वास्तव डोळ्याआड करून न्यायालये पुराव्याचा नेहमीचाच काटेकोर आग्रह धरत राहिली तर असे गुन्हे कधीच सिद्ध होणार नाहीत.

ओडिशातली नीलबती बेहेरा हिने सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिले तेव्हाही समोर अशीच एक गोष्ट ठेवलेली होती. तिच्या मुलाला १ डिसेंबर १९८७ रोजी चोरीच्या तपासासाठी जराईकेला चौकीत नेले. दुसऱ्या दिवशी त्याचा देह रेल्वेमार्गावर मिळाला. पोलिसांनी सांगितले की त्याने रात्री दोरी दातांनी चावून तोडली, तो पळाला आणि गाडीखाली आला. न्यायालयाने जिल्हा न्यायाधीशाकडून चौकशी करवली, डॉक्टरची साक्ष तपासली, काठीच्या घावांकडे पाहिले आणि १९९३ मध्ये भरपाईचा आदेश दिला. त्या निकालाने एक मोठी वाट उघडली. फौजदारी खटला चालो न चालो, कोठडीत जीव गेला तर राज्याने घरच्यांना पैसे द्यायचे, हे घटनेच्या कलम २१ खाली ठरले. पण या वाटेचा दुसरा परिणाम आम्हाला अस्वस्थ करतो. आता भरपाई लवकर जाहीर होते, धनादेशाचा फोटो छापून येतो आणि प्रकरण मिटल्यासारखे वाटते. पैसे सरकारच्या तिजोरीतून जातात. ज्याने मारले त्याच्या खिशाला तोशीस लागत नाही, त्याच्या बढतीलाही नाही.

रिमांडचा प्रसंग हा या साखळीतला सगळ्यात महत्त्वाचा आणि सगळ्यात दुर्लक्षित दुवा आहे. अटकेनंतर चोवीस तासांत आरोपीला मॅजिस्ट्रेटसमोर उभे करायचे, हा घटनेने दिलेला हक्क. त्यामागचा हेतू इतकाच की पोलीस खात्याच्या बाहेरच्या एका माणसाने त्याला एकदा डोळ्यांनी पाहावे. प्रत्यक्षात तालुक्याच्या कोर्टात काय होते? सकाळच्या बोर्डावर पन्नास-साठ प्रकरणे असतात. आरोपीला दोन शिपाई धरून आणतात. वैद्यकीय तपासणीचा कागद जोडलेला असतो, त्यावर नवीन जखमा नसल्याचा एका ओळीचा शेरा असतो. तो शेरा लिहिणाऱ्या डॉक्टरने आरोपीचा शर्ट उतरवून पाहिला होता का, हे कोर्टाला कळायची सोय नसते. मॅजिस्ट्रेट विचारतात: पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का? ज्यांच्याविरुद्ध तक्रार करायची ते हातभर अंतरावर उभे असतात आणि पीसीआर म्हणजे पोलीस कोठडी मिळाली तर रात्री पुन्हा त्यांच्याच ताब्यात जायचे असते. आरोपी मान हलवतो. आदेशात लिहिले जाते की तक्रार नाही. पुढे माणूस मेला तर हीच ओळ सरकारपक्षाचा पहिला पुरावा बनते.

दुसऱ्या परभणी प्रकरणात नेमके हेच घडले. परभणी रेल्वे स्थानकासमोर डॉ. आंबेडकरांच्या पुतळ्याजवळची संविधानाची प्रतिकृती १० डिसेंबर २०२४ रोजी फोडली गेली. दुसऱ्या दिवशीच्या बंदला हिंसक वळण लागले आणि धरपकड झाली. धरलेल्यांत सोमनाथ सूर्यवंशी हा कायद्याचा विद्यार्थी होता. आधी पोलीस कोठडी झाली, मग न्यायालयीन कोठडी, आणि १५ डिसेंबरला सकाळी मृत्यू. विधानसभेत सरकारतर्फे सांगण्यात आले की त्याने मॅजिस्ट्रेटपुढे मारहाणीची तक्रार केली नव्हती, चित्रीकरणात मारहाण दिसत नाही आणि त्याला श्वसनाचा आजार होता. दुसरीकडे छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचा प्राथमिक अभिप्राय होता तो अनेक जखमांनंतर आलेल्या शॉकने मृत्यू झाल्याचा. एका बाजूला कोर्टातली एक ओळ आणि दुसऱ्या बाजूला अंगावरच्या जखमा. यातल्या कशाला पुरावा म्हणायचे, हा वाद महाराष्ट्राने त्या हिवाळ्यात ऐकला.

रिमांडच्या वेळी मॅजिस्ट्रेटने नुसते नीट पाहिले तर काय होऊ शकते, याचे उदाहरण जुने आहे. उत्तर प्रदेशातल्या फतेहपूर जिल्ह्यात १९६९ मध्ये ब्रिजलाल नावाच्या शेतकऱ्याने हुसेनगंज ठाण्यातल्या लाचखोरीची तक्रार वर केली. त्याबद्दल त्याला ठाण्यात नेऊन मारले आणि रिमांड मागण्यासाठी कोर्टात आणले. त्याची अवस्था पाहून मॅजिस्ट्रेट चमकले. त्यांनी त्याला विचारले आणि त्याने दिलेले उत्तर लिहून घेतले: दारोगाने आणि शिपायांनी मला फार मारले. ब्रिजलाल त्यानंतर लवकरच मेला आणि तो कागद मृत्युपूर्व जबाब ठरला. त्या एका नोंदीवर खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत टिकला. जानेवारी १९८५ मध्ये पुण्याचे न्या. यशवंत विष्णू चंद्रचूड यांनी निकाल दिला आणि सरकारला सुचवले की कोठडीत जखमा झाल्या तर त्या कशा झाल्या हे सांगण्याचा भार पोलिसांवर टाकण्यासाठी पुराव्याच्या कायद्यात दुरुस्ती करावी, कारण तिथे काय घडले हे सांगू शकणारे पोलिसांशिवाय दुसरे कुणी नसते.

विधी आयोगाने त्याच वर्षी ११३ वा अहवाल दिला आणि कलम ११४ ब सुचवले. माणूस पोलिसांच्या ताब्यात असताना त्याला इजा झाल्याचे दिसले, तर ती त्या वेळी ताबा असलेल्या अधिकाऱ्याने केली असे गृहीत धरण्याची मुभा न्यायालयाला द्यायची, अधिकाऱ्याने ते खोडून काढायचे, इतकी साधी ही सूचना. चाळीस वर्षे झाली. मधल्या काळात पुराव्याचा अख्खा कायदा बदलला, १ जुलै २०२४ पासून नवा लागू झाला, पण हे कलम त्यात आले नाही. छळविरोधी आंतरराष्ट्रीय करारावर भारताने १९९७ मध्ये सही केली, अनुसमर्थन अजून दिलेले नाही. त्यासाठीचे विधेयक २०१० मध्ये लोकसभेत मंजूर झाले, राज्यसभेत निवड समितीकडे गेले आणि शेवटी बारगळले.

पुराव्याचा भार फिरवणे अन्यायाचे आहे, निर्दोष पोलीस अडकेल, असा आक्षेप येतो. त्याचे उत्तर महाराष्ट्रातच आहे. १९७२ मध्ये देसाईगंज पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर बलात्कार झाल्याचा आरोप होता. सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांना सोडले, चार कायद्याच्या प्राध्यापकांनी १९७९ मध्ये सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले, देशभर स्त्रिया रस्त्यावर आल्या आणि १९८३ मध्ये संसदेने कायदा बदलला. ताब्यातल्या स्त्रीशी शरीरसंबंध सिद्ध झाला आणि तिने संमती नव्हती असे सांगितले, तर संमती नव्हती असेच न्यायालयाने धरायचे. म्हणजे कोठडीतली सत्ता किती एकतर्फी असते हे आपल्या संसदेने एकदा ओळखले आहे. मग मृत्यूच्या बाबतीत ते ओळखायला अडचण काय, हे आजवर कुणी पटेल अशा शब्दांत सांगितलेले नाही.

देह बोलतो, असे न्यायवैद्यकात म्हणतात. पण त्याला विचारणारा हवा. मुका मार वरून दिसतोच असे नाही. सावळ्या कातडीवर तर तो हमखास चुकतो. पाठ, नितंब, मांड्यांची मागची बाजू, तळपाय इथे चीर देऊन खालच्या थरांत साकळलेले रक्त पाहावे लागते. व्रणांचा रंग लालसर आहे, निळा आहे की हिरवट-पिवळा, यावरून मार एकाच दिवशीचा की अनेक दिवसांचा याचा ढोबळ अंदाज येतो आणि तो अटकेच्या तारखेशी ताडून पाहता येतो. गळफास असेल तर वळ तिरपा आणि मानेवर उंच असतो, गळा आवळला असेल तर बहुधा आडवा आणि सभोवार. आणखी एक गोष्ट सामान्य वाचकाला माहीत नसते. काठीने, पट्ट्याने मांड्या आणि पाठ बराच वेळ झोडपली की स्नायू चिरडतात. त्यातून सुटलेली द्रव्ये रक्तातून मूत्रपिंडांत जाऊन बसतात आणि दोन-तीन दिवसांनी मूत्रपिंडे बंद पडतात. तोवर आरोपी न्यायालयीन कोठडीत गेलेला असतो, कारण म्हणून ‘किडनी फेल्युअर’ लिहिले जाते आणि मृत्यू नैसर्गिक आजारपणाच्या रकान्यात जातो. मार पोलीस ठाण्यात आणि मरण तुरुंगात किंवा इस्पितळात, असे झाले की जबाबदारी दोन खात्यांच्या मध्ये पडते. या संग्रहातला न्यायवैद्यकावरचा लेख थोडा कठीण आहे. तरी तो वगळून पुढे जाऊ नये, अशी वाचकांना आमची आग्रहाची विनंती आहे.

देहाचे मोल शबर या विमुक्त जमातीच्या लोकांनी ओळखले होते. पश्चिम बंगालच्या पुरुलिया जिल्ह्यात फेब्रुवारी १९९८ मध्ये बुधन शबर हा तरुण कोठडीत मेला. पोलीस म्हणाले, त्याने गमछाने गळफास घेतला. देह जाळून टाकावा असा रेटा होता. नातलगांनी आणि शबरांच्या संघटनेने देह झोपडीतल्या जमिनीत पुरला आणि दाखवायला पुतळा जाळला. लेखिका महाश्वेता देवी कलकत्ता उच्च न्यायालयात गेल्या, देह उकरून दुसरे शवविच्छेदन झाले आणि आत्महत्येची गोष्ट टिकली नाही. त्याच वर्षी महाश्वेता देवी, गणेश देवी आणि ‘उचल्या’कार लक्ष्मण गायकवाड यांनी भटक्या-विमुक्तांच्या हक्कांसाठी गट उभा केला. १८७१ चा गुन्हेगार जमातींचा कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, पण गावात चोरी झाली की पोलिसांची गाडी आधी पारध्यांच्या पालावर जाते, हे महाराष्ट्रात कुणाला सांगायला नको. कोठडीतल्या मृत्यूचा विचार जातीला बाजूला ठेवून करताच येत नाही. ज्याचा मामा वकील आहे आणि चुलता नगरसेवक, त्याच्या अंगाला हात लावण्यापूर्वी ठाण्यात दहादा विचार होतो.

कॅमेरे बसवले की हा प्रश्न सुटेल, अशी एक आशा होती. डिसेंबर २०२० मध्ये परमवीर सिंग सैनी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक ठाण्यात प्रवेशद्वार, लॉकअप, व्हरांडे अशा सर्व ठिकाणी आवाजासह चित्रीकरण करणारे कॅमेरे बसवण्याचा आदेश दिला. फुटेज शक्यतो अठरा महिने जपायचे, असेही सांगितले. त्याच वर्षी जूनमध्ये तमिळनाडूतल्या सात्तानकुळम ठाण्यात एका बापलेकाला रात्रभर मारले गेले आणि दोघेही मेले. चौकशीला गेलेल्या न्यायदंडाधिकाऱ्यांना आढळले की ठाण्यातल्या यंत्राच्या हार्ड डिस्कमध्ये भरपूर जागा असूनही फुटेज रोजच्या रोज आपोआप पुसले जाईल अशी योजना करून ठेवली होती. त्यांच्याशी ठाण्यात उद्दामपणा झाला. तेव्हा मदुराई खंडपीठाने ते पोलीस ठाणेच महसूल अधिकाऱ्यांच्या ताब्यात देण्याचा आदेश दिला. प्रकरण उलगडले ते कॅमेऱ्यामुळे नव्हे. त्या रात्री ड्युटीवर असलेल्या एका महिला हवालदाराने भीती बाजूला सारून, काठ्यांवर आणि टेबलावर रक्त होते हे सांगितले, त्यामुळे. यंत्र पोलिसांच्या ताब्यात राहील तोवर त्याची साक्षही त्यांच्याच ताब्यात राहते. फुटेज ठाण्याबाहेर, न्यायालयाच्या देखरेखीखाली साठवले जावे, ही मागणी म्हणूनच क्षुल्लक नाही.

आता उत्तरदायित्वाकडे येऊ, कारण पुरावा मिळाल्यावरची कथा जास्त त्रासदायक आहे. कोठडीतल्या मृत्यूची चौकशी कार्यकारी नव्हे तर न्यायदंडाधिकाऱ्यानेच करायची, ही दुरुस्ती २००५ मध्ये झाली. आज ती भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९६ मध्ये आहे. ही चौकशी पोलिसांच्या तपासाला समांतर असते, नातलगांना शक्य तिथे कळवायचे असते, त्यांना हजर राहता येते. पण अहवाल तयार झाल्यावर पुढे काय, याबद्दल कलम गप्प आहे. गुन्हा आपोआप नोंदवायचा की नाही? नोंदवायचा तर कुणी? परभणीत न्यायदंडाधिकाऱ्यांचा अहवाल आला, त्यात पोलिसांवर ठपका होता, राज्य मानवी हक्क आयोगाने नोटिसा काढल्या, तरीही गुन्हा दाखल झाला नाही. सोमनाथची आई औरंगाबाद खंडपीठात गेली. ४ जुलै २०२५ रोजी उच्च न्यायालयाने आठवड्यात गुन्हा नोंदवण्यास सांगितले. राज्य सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले आणि ३० जुलैला तिथून परत आले. मृत्यूपासून साध्या एफआयआरपर्यंतच्या प्रवासाला सात महिने लागले, तेही उच्च न्यायालयाचे दार ठोठावल्यावर. खून झाला तर शेजाऱ्याविरुद्ध त्याच संध्याकाळी जो कागद तयार होतो, त्यासाठी.

आकडे हेच सांगतात. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या माहितीनुसार २००१ ते २०२० या वीस वर्षांत देशात पोलीस कोठडीत १,८८८ माणसे मेली आणि दोषी ठरले २६ पोलीस. हे १,८८८ सुद्धा पोलिसांनीच भरलेल्या रकान्यांतून येतात: आत्महत्या, आजारपण, पळून जाताना, अपघात. जिथे शिक्षा झाली तिथे काळ पाहावा. नागपुरात जून १९९३ मध्ये एका माणसाला पोलिसांनी बदडले आणि तो लॉकअपमध्ये मेलेला आढळला. खुनाचा आरोप टिकला नाही. कबुलीसाठी इजा केल्याचे कलम ३३० टिकले, शिक्षा तीन वर्षे. सप्टेंबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती सात वर्षांवर नेली. घटनेपासून तोवर पंचवीस वर्षे झाली होती. सरकारची पूर्वमंजुरी ही आणखी एक भिंत. नव्या संहितेच्या कलम २१८ मध्ये १२० दिवसांत निर्णय झाला नाही तर मंजुरी मिळाली असे धरायचे आहे. ही सुधारणा चांगली आहे. पण मुदतीत नकार आला तर घरच्यांना पुन्हा कोर्टच गाठावे लागते.

या विषयावर बोलताना एक प्रसंग टाळून चालत नाही. बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवर अत्याचार केल्याचा आरोप असलेला तरुण २३ सप्टेंबर २०२४ रोजी पोलिसांच्या गाडीत, मुंब्रा बायपासजवळ, गोळी लागून मेला. त्याने पिस्तूल हिसकावून गोळीबार केला, असे पोलिसांचे म्हणणे. राज्यात ठिकठिकाणी पेढे वाटले गेले. जानेवारी २०२५ मध्ये न्यायदंडाधिकाऱ्यांचा अहवाल आला. पिस्तुलावर मृताच्या बोटांचे ठसे नव्हते आणि बळाचा वापर समर्थनीय नव्हता, असे त्यात होते. पाच पोलिसांची जबाबदारी त्यात ठरवली होती. त्याच्या आईवडिलांनी आपल्याला प्रकरण पुढे न्यायचे नाही असे न्यायालयाला सांगितले, तरी उच्च न्यायालयाने ते सोडले नाही आणि ७ एप्रिल २०२५ रोजी विशेष तपास पथकाचा आदेश दिला. त्या मुलींच्या घरच्यांचा संताप आम्ही कमी लेखत नाही. पण त्या मुलींवर काय झाले, शाळेत कुणी दडपले, कुणाला माहीत होते, हे सारे भर कोर्टात उलटतपासणीत निघायला हवे होते. आरोपी मेल्यावर त्याच्यापुरता तो खटला कायमचा बंद झाला. मुलींना मिळायचा न्याय त्या गाडीत कुणीतरी परस्पर संपवला.

पोलिसांची बाजूही या पुस्तकात आहे आणि ती आम्ही नाइलाजाने घेतलेली नाही. बारा-चौदा तासांची ड्युटी, दोन दिवसांत ‘डिटेक्शन’ दाखवा असा वरून येणारा फोन, मोर्चा काढून आरोपीला आमच्या हवाली करा म्हणणारे गावकरी, शास्त्रीय तपासाची तोकडी साधने, प्रयोगशाळेचे महिनोन्महिने न येणारे अहवाल. निवृत्त अधिकाऱ्यांनी हे मोकळेपणाने लिहिले आहे. त्यांच्या लेखांतून एक गोष्ट पुन्हा पुन्हा वर येते: तोंडी आदेश देणारा कधीच कागदावर नसतो. युनुस प्रकरणात खटल्याला उभे राहिलेल्या चौघांत तीन शिपाई होते. सांगलीत नोव्हेंबर २०१७ मध्ये अनिकेत कोथळे या तरुणाचा ठाण्यात मृत्यू झाला, देह आंबोलीला नेऊन जाळण्यात आला आणि तो पळून गेल्याची बतावणी झाली. एक देह ठाण्यातून उचलून दुसऱ्या जिल्ह्यातल्या घाटात नेईपर्यंत किती जणांनी पाहिले असेल आणि किती जण गप्प राहिले असतील, याचा हिशेब कुठल्याही आरोपपत्रात पूर्ण येत नाही. डी. के. बसू खटल्यातली १९९६ ची अकरा मार्गदर्शक सूत्रे प्रत्येक ठाण्याच्या भिंतीवर फलक होऊन लटकतात. अटकेचा पंचनामा, नातलगाला खबर, जखमांची नोंद, दर ४८ तासांनी वैद्यकीय तपासणी, सगळे त्यात आहे. ती पाळली नाहीत म्हणून खात्याने कुणाला घरी पाठवल्याचे ऐकिवात येत नाही.

परिशिष्टात आम्ही काही अर्जांचे नमुने साध्या मराठीत दिले आहेत: ठाण्यातले, इस्पितळातले आणि वाटेतल्या चौकांतले फुटेज राखून ठेवण्याची मागणी, शवविच्छेदनाचे चित्रीकरण व्हावे आणि नातलगाला हजर राहू द्यावे अशी मागणी, न्यायदंडाधिकाऱ्यांच्या अहवालाची प्रत मिळण्याचा अर्ज, दुसऱ्या शवविच्छेदनासाठीचा अर्ज. शेवटचा अर्ज करायचा विचार असेल तर दहन करू नये, देह शीतगृहात ठेवावा किंवा जमिनीत पुरावा. फुटेजचा अर्ज मृत्यूची बातमी कळली त्याच दिवशी द्यावा, कारण तो आठवड्याने दिला तर फुटेज पुसले गेल्याचे उत्तर येते. अर्जावर तारखेसोबत वेळ लिहावी आणि पोचही वेळेसकट घ्यावी. ठाण्यात घेतला नाही तर अधीक्षक कार्यालयाच्या आवक-जावक विभागात द्यावा, तिथेही नाकारला तर त्याच दिवशी स्पीड पोस्टाने पाठवून पावती जपावी आणि एक प्रत जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला द्यावी. हे नमुने कुणीही, कुणालाही न विचारता उतरवून घ्यावेत, छापावेत, वाटावेत.